नॅलॉक्सोन घरी ठेवण्याबाबत मदत हवी आहे

माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला आहे. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असल्याने पूर्वीचाच डोस आता जीवघेणा ठरू शकतो, म्हणून ओपिऑइडचा (हेरॉइन, मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय पदार्थांचा) अतिडोस उतरवणारे नॅलॉक्सोन हाताशी असावे, असे मला वाटते. असा प्रसंग ज्यांच्यासमोर घडू शकतो, त्यांनाही हे औषध मिळावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली आहे. औषध दुकानदाराने मात्र रुग्णाच्याच नावाची चिठ्ठी मागितली. श्वास मंदावलेला बेशुद्ध माणूस स्वतःला इंजेक्शन कसे टोचणार, यावर तो नुसता हसला. औषधाचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, त्यामुळे रुग्णवाहिका आम्ही बोलावणारच आहोत. डॉक्टर कुटुंबीयांच्या नावे चिठ्ठी देऊ शकतात का, आणि आम्ही औषध दिल्यास कायदेशीर जबाबदारी कोणावर येते?