एकाच लॉटचं सोयाबीन उगवलं नाही, सगळ्यांनी मिळून एकच केस करता येते का?

औसेकर_शेतकरी
राम राम मंडळी. औसा तालुक्यातलं गाव आमचं. यंदा चाळीसएक जणांनी एकाच दुकानातून एकाच लॉटचं सोयाबीन घेतलं, पाऊस पेरणीजोगा झालता, वल बी चांगली होती तरी निम्म्याच्या वर उगवलंच नाही. तास उकरून बघितला तर दाणे फुगून कुजलेले, बोटानं दाबलं की चिखल होतोय. बांधापलीकडं दुसऱ्या बियाण्याचं रान हिरवंगार उभंय. दुकानदार म्हणायलाय नव्या पिशव्या देतो पण माझी काही तक्रार नाही असं लिहून सही करा, आणि काहींनी सही करून नेल्या बी. दुबार पेरणीचं खत, ट्रॅक्टर, मजुरी कोण देणार? एकट्यानं लातूरच्या चकरा मारणं परवडत नाही. अमेरिकेत करतात तसा सगळ्यांचा मिळून एक दावा आपल्याकडं होतो का?

परभणी_वकील
होतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 35(1)(सी). सारखंच गाऱ्हाणं असलेल्या सगळ्यांच्या वतीनं एक-दोघं तक्रार करू शकतात, फक्त जिल्हा ग्राहक आयोगाची परवानगी लागते. पण माझं ऐकाल तर 'या बियाण्याचे सगळे शेतकरी' असं मोघम लिहू नका. बंगळुरूच्या फ्लॅटवाल्यांच्या केसमध्ये 2021 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सगळ्यांच्या वतीनं बोलायचं तर सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे हे तक्रारीतच नीट दाखवावं लागतं, आणि ते जमत नसेल तर जे पुढं आलेत त्यांनी मिळून संयुक्त तक्रार करावी, ती चालते. तुमचं ते दुसरं करा. प्रत्येकाचं नाव, गट नंबर, पिशव्या किती, बिल नंबर, लॉट नंबर, एकरी खर्च असा तक्ता करा. बियाण्यापोटी दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असली तर फी लागत नाही. मुदत 2 वर्षं. तक्रार ऑनलाइन बी भरता येते.

गोदाकाठ
त्याच्या आधी पंचनामा!! रान मोडून दुबार पेरलं की पुरावा गेला. आजच्या आज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन बघते आणि अहवाल देते, त्या अहवालावर सगळी केस उभी राहते. सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के पाहिजे. पिशवी, टॅग, बिल जपा. बियाणं शिल्लक नाही म्हणून घाबरू नका, 2012 ला नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की शेतकरी तपासणीसाठी बियाणं राखून ठेवील अशी अपेक्षाच धरता येत नाही, आणि शेतकरी हा ग्राहकच आहे. 2020 ला मराठवाड्यात असंच झालतं तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतलती. त्याच 2020 च्या खरिपाच्या पीक विम्यासाठी थोडेच शेतकरी खंडपीठात गेले आणि निकाल उस्मानाबादच्या साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांसाठी लागला. एकीनं गेलं की ऐकावंच लागतं.

वाळूज_कामगार
मधीच विचारतो, आम्ही कंत्राटी, ठेकेदारानं पगार थकवलाय, आम्हाला बी असं जाता येतं का?

परभणी_वकील
ग्राहक आयोगात नाही, तुम्ही ग्राहक नव्हं. सगळ्यांनी मिळून एकच अर्ज कामगार आयुक्त कार्यालयात द्या, आणि त्यात मूळ कंपनीला बी पार्टी करा. ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देणं मूळ मालकावर येतं, हे कायद्यातच आहे. हजेरी कार्ड, गेटपास, बँकेचं स्टेटमेंट जोडा. युनियन असली तर तिच्यामार्फत जा, एकेकट्याला दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवतात.

औसेकर_शेतकरी
लई उपकार झाले. अर्ज उद्याच देतो. ज्यांनी सही केली त्यांचं काय, त्यांना घ्यायचं का सोबत?

परभणी_वकील
घ्या. पण तक्त्यात वेगळं दाखवा आणि सही का करावी लागली ते प्रत्येकाकडून लिहून घ्या, पेरणीची वेळ जात होती, पिशवी अडवून सही घेतली, जे खरं असेल ते. बाकीच्यांना आजच सांगा, सही करू नका म्हणून.