जुन्या संगणकांवर लिनक्स: सोलापूरच्या लहान कारखान्यांना परवडेल का?

धागाकर्ता (टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी):
विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आपल्या भागातील अनेक कार्यालयांतले धडधाकट संगणक केवळ या अटीपायी भंगारात काढण्याची वेळ आली आहे. पत्रव्यवहार, ईमेल आणि मालाच्या याद्या एवढेच काम असलेल्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली आणि पत्रे-याद्यांसाठीचे लिब्रेऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसे आहे, असे माझे ठाम मत आहे. पेन ड्राइव्हवरून ते काहीही पुसून न टाकता चालवून पाहता येते. केरळमधील शाळा अनेक वर्षे लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर चालतात, मग आपल्यालाच ती अवघड का वाटावी?

प्रतिसाद (कर सल्लागार, नवी पेठ):
केरळचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण तेथे सरकारने शिक्षकांना पद्धतशीर प्रशिक्षण दिले. आपल्याकडे हिशेबनीस टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर घडलेला असतो, आणि टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या वाईनसारख्या साधनावर ती कशीबशी चालवली, तरी मार्चअखेरीस काही अडले तर दुरुस्तीला कोण येणार? प्रणाली फुकट असली तरी अडलेला दिवस फुकट नसतो.

प्रतिसाद (मुद्रक, अशोक चौक):
आमची अडचण याहून जुनी आहे. लग्नपत्रिका मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीनही भाषांत छापाव्या लागतात. वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये, कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत अडकला आहे. लिनक्सवर तो उघडला तरी मांडणी जशीच्या तशी राहील याची खात्री नाही, आणि ग्राहक वधूच्या नावातली वेलांटी हललेली खपवून घेत नाही.

धागाकर्ता:
मुद्रकांचा मुद्दा खरा आहे, पण तो मुळात लिनक्सविरुद्धचा नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम विंडोजवर राहूनही कधीतरी करावेच लागेल, आणि जितका उशीर तितका ढीग वाढेल. टॅलीबाबत मी वाद घालत नाही. हिशेबाचा एक संगणक नवा घ्यावा आणि त्यावर विंडोज ११ ठेवावे. उरलेल्या संगणकांसाठी तोच खर्च कशाला?

प्रतिसाद (कर सल्लागार, नवी पेठ):
उरलेले संगणक म्हणजे नेमके कोणते, हे आधी ठरवा. पुष्कळ कारखान्यांत माल रवाना करणारा कर्मचारीच बिल आणि ई-वे बिलाचा तपशील टॅलीत भरतो, म्हणजे तोही संगणक हिशेबाचाच झाला. निव्वळ पत्रे आणि ईमेल यांसाठी वेगळा संगणक असेल, तर तेथे आपण म्हणता तो प्रयोग करण्यास माझी हरकत नाही. फक्त त्याआधी प्रिंटर आणि स्कॅनर लिनक्सवर चालतात का, ते त्याच पेन ड्राइव्हवरून तपासून घ्यावे.