मदत हवी आहे: एमएम ५४० च्या मागच्या डिफरन्शियलचा आवाज, क्राऊन-पिनियन बसवू की अख्खं हाऊसिंग बदलू?

नमस्कार मंडळी,

गाडी महिंद्राची जीप एमएम ५४०, १९९३ ची, प्युजोचं २११२ सीसी एक्सडीपी इंजिन, फोर बाय फोर चालू आहे आणि पुढे लॉकिंग हब (पुढची चाकं एक्सलला जोडायचे-सोडायचे) आहेत. भोरच्या पुढे शेत आहे तिथे ये-जा, पावसाळ्यात चिखल, मधे एक ओढा, एवढाच वापर. पासिंग आत्ताच पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतलंय त्यामुळे 'गाडी काढून टाका' हा सल्ला कृपया नको, तो घरातून रोज मिळतो.

प्रॉब्लेम मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे शाफ्टचं फिरणं मागच्या चाकांना देणाऱ्या गिअरचा; त्यातलं छोटं दातेरी चाक पिनियन आणि मोठं क्राऊन. ४० च्या वर गेलं की मागून घूंऽऽ सुरू होतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवला तर जरा कमी, आणि पाय काढून गाडी इंजिनवर सोडली की एकदम जोरात, वरंध्याच्या उतारावर तर शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. वळताना आवाजात काही फरक पडत नाही. रिव्हर्समधून पहिला टाकून क्लच सोडला की मागे खट् वाजतं, प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस (सांधे) नवीन टाकलेत तरी वाजतंच. पिनियनच्या सीलमधून तेल झिरपतंय. तेल काढून त्यात मॅग्नेट फिरवला तर करडी पेस्ट निघाली आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे चमकते तुकडे.

आता मेकॅनिक लोकांची मतं ऐका. पहिला म्हणाला पिनियनचा नट कसून देतो, आवाज जाईल. दुसऱ्याकडे भंगारातून आणलेलं अख्खं हाऊसिंग (डिफरन्शियलसकट मागच्या एक्सलचं कवच) आहे, ते टाकू, एका दिवसात गाडी मोकळी. ते कुठल्या गाडीचं विचारलं तर 'जीपचंच आहे हो'. तिसरा नवीन क्राऊन-पिनियनचा सेट बसवायला तयार आहे, पण डायल गेज (बारीक फट मोजायचं घड्याळासारखं माप) नाही, हाताच्या अंदाजाने बसवतो म्हणाला आणि वर गेजबिज कंपनीवाल्यांची नाटकं आहेत असंही म्हणाला.

तर माझा प्रश्न असा की खर्च करण्याआधी नक्की काय गेलंय हे कसं ओळखायचं, आणि मग यातला कुठला रस्ता धरायचा? हत्यारं बऱ्यापैकी आहेत, शेतावर शेड आहे, वेळही आहे. पुणे किंवा कोल्हापूर बाजूला हे काम गेज लावून करणारं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

घाटवाट:

आधी एक सोपी टेस्ट करा. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडून बाजूला ठेवा, पुढचे हब लॉक करा, फोर हाय (चारही चाकांचा नेहमीचा गिअर) टाका आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर कच्च्या रस्त्यावर चालवून बघा. आपल्या जीपला मधे डिफरन्शियल नसतो त्यामुळे ती अशी चालते. मागची चाकं फिरताना क्राऊन-पिनियन फिरतंच पण त्याच्यावर लोड नसतो. आवाज पार गेला तर गडबड लोडखालच्या दातांची किंवा पिनियनच्या बेअरिंगची, आणि तसाच राहिला तर चाकाची बेअरिंगं आणि क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंगंही बघावी लागतील.

एक सांभाळा, ज्या जुन्या जीपांना हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर असतो त्यांचा हँडब्रेक, शाफ्ट काढला की, मागच्या चाकांना धरत नाही. चाकांना दगड लावल्याशिवाय खाली झोपू नका.

---

शिमवाला:

पाय काढल्यावर आवाज वाढतो म्हणजे बहुतेक वेळा पिनियनचं बेअरिंग झिजलेलं असतं. शाफ्ट सोडलाच आहे तर पिनियनचा योक (जिथे शाफ्ट जोडतो तो तुकडा) हातात धरून वर-खाली हलवा. गोल फिरवताना थोडा प्ले असतोच, पण वर-खाली जाणवण्याइतका हलला तर बेअरिंग गेलं समजा. सील गळतंय म्हटल्यावर तेल कमी राहिलं असणार आणि तेल कमी झालं की पुढचं बेअरिंग आधी कोरडं पडतं, कारण त्याला तेल क्राऊन उडवेल तेवढंच मिळतं.

आणि नट कसणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करा. ह्या जुन्या डाना ४४ पद्धतीच्या डिफरन्शियलमध्ये बेअरिंगचं प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) शिमवर, म्हणजे पातळ चकत्यांवर, ठरतं, नट फक्त सगळं दाबून धरतो. झिजलेलं बेअरिंग नटाने बरं होत नाही. नट खरोखरच ढिला असेल तर गोष्ट वेगळी.

खट् आवाजासाठी मागचं झाकण काढल्यावर स्टार पिनियन (डिफरन्शियलमधले छोटे गिअर) आणि त्यांची मधली पिन बघा. पिनचं भोक लांबट झालं असेल तर क्राऊन नवा टाकूनही खट् तसंच राहतं आणि मग लोक बिचाऱ्या क्रॉसला दोष देत बसतात.

---

धागाकर्ता:

दोघांचे आभार. टेस्ट केली. शाफ्ट काढल्यावर आवाज जवळजवळ गेला, अगदी बारीक घरघर राहिली. योक वर-खाली हलतोय, डोळ्याला दिसण्याइतका. झाकण अजून उघडलं नाही. पण मग फक्त बेअरिंगं टाकून भागेल का, की त्या कण्या म्हणजे दात गेले? आणि भंगारवाल्या हाऊसिंगचं काय, मेकॅनिकचा रोज फोन येतोय.

---

डिझेलबाबा:

त्या हाऊसिंगला हात लावण्याआधी रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) मोजा भाऊ. ह्या जीपांमध्ये ५.३८ पण सापडतो आणि ४.८८ पण. क्राऊनचे दात ४३ आणि पिनियनचे ८ असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८. पुढे एक आणि मागे दुसरा झाला तर पुढची-मागची चाकं दहा टक्के वेगळ्या वेगाने फिरायला बघतात, टू व्हीलमध्ये काही कळत नाही, फोर व्हील टाकून चार पावलं डांबरावर गेलात की ट्रान्सफर केस नाहीतर शाफ्ट बोलायला लागतो. आमच्या ओळखीत एकाने अशी गाडी विकत घेतली होती, फोर व्हीलचा लिव्हर परत बाहेरच येईना.

न उघडता मोजायची युक्ती: ट्रान्सफर केस टू व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, मागचं एकच चाक जॅकवर, बाकी चाकांना दगड. ते उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. पाच फेरे होऊन वर एक तृतीयांशापेक्षा जरा जास्त आला तर ५.३८, पाचला थोडासा कमी पडला तर ४.८८. पुढचं पण तसंच मोजा, हब लॉक करून.

शिवाय जुन्या जीपचा गोळा (डिफरन्शियलचा फुगीर भाग) हाऊसिंगच्या मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. स्प्रिंगचे पॅड, ब्रेक ड्रमची साइज, रुंदी, सगळं टेप लावून बघा. 'जीपचंच आहे' ह्या वाक्यावर पैसे मोजू नका. आणि समजा सगळं जुळलं तरी त्याच्या आत बेअरिंगं कुठल्या अवस्थेत आहेत हे झाकण काढल्याशिवाय कोण सांगणार?

---

शिमवाला:

कण्यांचं उत्तर झाकण उघडल्यावरच मिळेल. तेल पुसून प्रत्येक दात दोन्ही बाजूंनी बघा. दात तुटलेला, टवके उडालेले किंवा खड्डे पडलेले असतील तर सेट बदला, आणि सेट म्हणजे सेट, क्राऊन एकाचा आणि पिनियन दुसऱ्याचा चालत नाही, दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो. दात गुळगुळीत असतील आणि कण्या बेअरिंगच्या रोलरच्या निघाल्या तर नुसती बेअरिंगं आणि सील टाकून काम होऊ शकतं. जुन्या शिम नीट जपून, जिथली तिथे परत घातल्या तर क्राऊन-पिनियन जवळपास आपल्या जुन्या जागी बसतात. तरी मार्किंग (दातांना रंग लावून ठसा) घ्याच.

नवीन सेट टाकायचा झाला तर अंदाज चालत नाही. पिनियन किती आत बसणार हे आतल्या बेअरिंगच्या कपाखालच्या शिमवर, आणि क्राऊन डावी-उजवीकडे किती हे बाजूच्या बेअरिंगखालच्या शिमवर. दातांना प्रशियन ब्लू लावून फिरवायचं. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करा, टोकाशी आला तर वाढवा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ५ ते ९ थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) मधे, डायल गेजनेच, क्राऊनच्या तीन-चार जागी मोजून.

वैताग असा की दर वेळी शिम बदलायला बेअरिंग पुलरने ओढावं लागतं आणि नवीन बेअरिंगची वाट लागते. म्हणून जुन्या बेअरिंगची आतली बोअर किंचित घासून सैल करून घ्या, हाताने आत-बाहेर होईल इतपत. सगळं सेटिंग त्यावर करायचं, शिम ठरल्या की नवीन बेअरिंग प्रेसमध्ये बसवायचं. कोल्हापुरात उद्यमनगरात कुठलाही बरा मशीनवाला ही बोअर घासून देईल.

बाजूच्या बेअरिंगच्या कॅपना उघडण्याआधी पंचने खुणा करा, डावी डावीकडेच आणि त्याच दिशेने परत गेली पाहिजे.

---

ओढ्याकाठचा:

ओढा ओलांडता म्हणता तर ब्रीदर (हाऊसिंगवरची हवा ये-जा करायची जागा) बघितलात का? तो चिखलाने बुजला की गरम हाऊसिंगमधली हवा सील ढकलून बाहेर येते, आणि गरम हाऊसिंग गार पाण्यात गेलं की सीलमधूनच पाणी आत ओढलं जातं. मग नवीन सील टाकलं तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळणार. ब्रीदरला रबरी नळी लावून चॅसिसच्या वर नेऊन बांधा, काम क्षुल्लक आहे.

तेल ईपी ९०, जीएल ५ दर्जाचं. तेच उरलेलं गिअरबॉक्सला ओतू नका, तिथे पितळी रिंगा असतात, जीएल ४ घाला.

---

धागाकर्ता:

मागचं चाक दोन फेरे फिरवलं, शाफ्ट पाच आणि वर साधारण एक तृतीयांश, पुढेही तेच. म्हणजे माझी ५.३८. मग त्या दुसऱ्या मेकॅनिककडे जाऊन भंगारातल्या हाऊसिंगचं झाकण त्याच्यासमोर काढायला लावलं, क्राऊनवर ३९ दात. फोन बंद झाले.

ब्रीदर पूर्ण बुजलेला होता, तारेने पण साफ होईना, नवीनच टाकतोय नळीसकट.

रविवारी झाकण उघडतो. पिनियन काढायला योकचा पुलर आहे, पण कॅरिअर (ज्यावर क्राऊन बसतो तो भाग) बाहेर येताना फार घट्ट असतो असं वाचलंय, हाऊसिंग फाकवायचं हत्यार लागतंच का?

---

शिमवाला:

असेल तर उत्तम, पण २० थाऊच्या वर फाकवायचं नाही, नाहीतर हाऊसिंग कायमचं वाकतं. नसेल तर आधी दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढा, कॅप सोडा आणि दोन पहारींनी, खाली लाकडाचे तुकडे ठेवून, दोन्ही बाजूंनी सारखंच उचकटा. कॅरिअर वजनदार असतो, एकदम सुटतो, पायावर घेऊ नका. शिम कुठल्या बाजूच्या किती जाडीच्या ते लगेच लिहून ठेवा आणि दातांचे फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचे, फ्लॅश बंद करून.