आधी परवाना, मग बंदूक
भातशेतीच्या राखणीसाठी पहिली बंदूक कोणती घ्यावी, असं विचारलंत. दादा, आधी दुकानात जाऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना दाखवल्याशिवाय विक्रेता बंदूक देऊच शकत नाही.

परवाना मिळाला की मी तरी बारा बोअरच, म्हणजे छऱ्यांच्या काडतुसांची लांब नळीची बंदूक, घ्या म्हणेन. जुनी पाहत असाल तर रिकामी असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धरा. आत गंजाचे खड्डे दिसले तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. खांद्याला लावूनही बघा, दस्ता लांब असला की नेम बसत नाही. घरात लहान मुलं आहेत म्हणालात, तेव्हा कुलपाचं लोखंडी कपाट बंदुकीबरोबरच घ्या. आणि परवाना असला तरी रानडुक्कर मारायला वनविभागाची वेगळी परवानगी लागते, हे गावाकडे बरेच जण विसरतात.