जुन्या .३१५ शिकारी रायफलीचा निर्माता आणि काळ कसा ओळखावा?

प्रश्न
चंद्रपूरकडील माझ्या थोरल्या काकांच्या निधनानंतर त्यांची रायफल परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली आहे. वारस म्हणून अर्ज करताना तिचे अचूक वर्णन देता यावे, यासाठी ही विचारणा करीत आहे. नळीवर ‘आर. बी. रोडा अँड कंपनी, कलकत्ता’ आणि ‘.३१५’ असे कोरलेले असून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) जुन्या .३०३ रायफलीसारखा दिसतो. बोल्टच्या पुढील भागावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे चिन्ह आहे, तर नळीच्या मुळाशी मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी ही अक्षरे आहेत. साल मात्र कोठेही नाही. ही रायफल रोडा यांनीच बनवली असावी का?

प्रतिसाद १
रोडा हे विक्रेते होते. ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ज्यांच्या मालातील माउझर पिस्तुले पळवली, ती हीच पेढी. त्या काळी विक्रेते आपले नाव नळीवर ठळकपणे कोरून घेत, त्यामुळे निर्माता ठरवताना त्या नावावर विसंबू नये. तीन बंदुकांचे चिन्ह हे बर्मिंगहॅमच्या बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीचे आहे, आणि बोल्टचे साम्य पाहता ही ली-एनफिल्ड (ब्रिटिश लष्कराची .३०३ रायफल) पद्धतीच्या यंत्रणेवर बांधलेली बीएसएची शिकारी रायफल आहे, असे मला वाटते.

काळाचा खरा पुरावा मुकुटाच्या ठशांत आहे. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात (जेथे बंदुकीची नळी दाब सोसते का, हे तपासून ठसा मारीत) १९०४ पूर्वी एकमेकांना छेदणाऱ्या राजदंडांचे ठसे मारीत. बीव्ही, बीपी आणि एनपी ही मुकुटांकित अक्षरे १९०४ पासूनची आहेत, आणि १९५४ च्या नियमांनंतर एनपीच्या जागी बीएनपी आले. म्हणजे आपली रायफल या पन्नास वर्षांतली ठरते. ठशांजवळ ‘कॉर्डाइट’ (काडतुसातील धूरविरहित दारू) हा शब्द व तिचे ग्रेन या लहान एककातील वजन असेल, तर त्यालाही दुजोरा मिळेल, कारण १९५४ नंतर त्याऐवजी दर चौरस इंचाला किती टन दाब, हे लिहू लागले. हे ठसे लाकडी दस्त्याखाली झाकलेले असू शकतात; दस्ता जाणकार कारागिराकडूनच उतरवून घ्यावा आणि गंज काढण्यासाठी पॉलिश कागद मुळीच वापरू नये, कारण एकदा पुसट झालेला ठसा परत मिळत नाही.

प्रतिसाद २
.३१५ विषयी थोडी भर घालतो. ब्रिटिश अमदानीत लष्कराचे .३०३ काडतूस खाजगी हाती जाऊ नये असे धोरण होते, म्हणून ऑस्ट्रियाच्या मान्लिखर रायफलीचे ८×५०आर काडतूस येथे .३१५ या नावाने रुळले. खडकीच्या कारखान्यातील या काडतुसांच्या बुडावर ‘८ एमएम’ आणि ‘केएफ’ असे आढळते. त्या ‘८ एमएम’मुळे ते ८ मिमी माउझरचे समजू नये, ते काडतूस सर्वस्वी वेगळे आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. विक्रेत्याकडे पुन्हा पाहिले असता एनपीच्या बाजूला ‘कॉर्डाइट’ हा शब्द स्पष्ट वाचता आला. यापेक्षा जवळचे साल काढता येईल का?

प्रतिसाद १
काकांची जुनी परवाना पुस्तिका शोधावी. तिच्यातील पहिली नोंद किंवा खरेदीची पावती मिळाली, तर रायफल त्या तारखेपूर्वीची हे नक्की होईल. अर्जात निर्माता म्हणून बीएसए, विक्रेता म्हणून रोडा आणि बोअर (नळीच्या आतील व्यासाचे माप) .३१५ असे लिहावे. क्रमांक मात्र नळी आणि बोल्ट या दोन्हींवरून उतरवून घ्यावा, कारण ते जुळत नसतील तर बोल्ट बदललेला असण्याची शक्यता असते. तो क्रमांक येथे जाहीर करू नये.