ब्लॅक डग्लसच्या मागे घरचं कोण उरलं?

प्रश्न: स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस, त्याचं मेल्यानंतरचं हृदय चांदीच्या डबीत घालून ती गळ्यात अडकवून निघालेला सर जेम्स डग्लस, म्हणजेच ब्लॅक डग्लस, १३३० ला स्पेनमधे तेबाला लढताना पडला हे वाचलं, तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये. त्याला मुलंबाळं होती का?

प्रतिसाद १: होती की. पण आधी वडलांचं बघा, विल्यम डग्लस लंडनच्या टॉवरमधे कैदेतच वारले, जमीन इंग्लंडच्या राजा एडवर्डने क्लिफर्ड नावाच्या सरदाराला देऊन टाकली, म्हणजे जेम्स अक्षरशः रिकाम्या हाताने ब्रूसकडे आला. जेम्सचा मुलगा विल्यम आणि सावत्र भाऊ आर्चिबाल्ड दोघंही १३३३ ला हॅलिडन हिलच्या लढाईत एकाच दिवशी गेले, फार वाईट वाटतं.

प्रतिसाद २: मग वतन आलं दुसऱ्या सावत्र भावाकडे, ह्यूकडे. तो चर्चमधला माणूस, त्याने १३४२ ला सगळं पुतण्याला, म्हणजे त्या आर्चिबाल्डच्या मुलाला, देऊन टाकलं आणि तोच पुढे डग्लसचा पहिला अर्ल (सरदारकीचा किताब). जेम्सचा अनौरस मुलगा आर्चिबाल्ड द ग्रिम पण नंतर तिसरा अर्ल झाला बरं का!

प्रश्नकर्ता: आणि ते हृदय?

प्रतिसाद २: परत आणून स्कॉटलंडमधल्या मेलरोज ॲबीत (मठात) पुरलं. जेम्सची हाडं डग्लस गावात, सेंट ब्राइड चर्चमधे.