हिवाळ्यात उभ्या मोटरहोममध्ये ओल धरते, काय करू?

प्रश्न:
आमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, हिवाळ्यात चार महिने उभी असते. परवा दार उघडलं तर कुबट वास आला. मागच्या पलंगाची गादी उचलून पाहिली, खालच्या प्लायवर काळे ठिपके आणि गादीचं कापड गार, ओलसर. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे दोन डबे ठेवले होते, दोन्ही पाण्याने भरलेत. थंड हवा येऊ नये म्हणून जमिनीजवळच्या जाळ्यांवर टेपही लावली आहे. आणखी चार डबे ठेवू का?

उत्तर:
डब्यांचं नंतर बघा, आधी त्या जाळ्यांवरची टेप काढा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो आणि तिथूनच बाहेर पडतो. त्या जाळ्या कधीच बंद करायच्या नसतात.

उत्तर:
टेपचं वर सांगितलंय ते आजच करा. मग पाणी बाहेरून येतंय की आतलंच आहे, हे ठरवा. मी हे ठरवलं नाही आणि गाडीचा एक अख्खा कोपरा गमावला. दोन हिवाळे मी काचा पुसत राहिले, दवच आहे असं धरून. तिसऱ्या वर्षी ओट्यामागची भिंत सहज अंगठ्याने दाबली, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. आतली लाकडी पट्टी चिमटीत धरली की तिचा भुगा व्हायचा. वर छत आणि भिंत जुळतात तिथलं सीलंट (फट बुजवायचा लुकण) तडकलं होतं. भेग जेमतेम नखाएवढी!

म्हणून मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातली ओल मोजणारं यंत्र, घ्या. आधी खात्रीच्या कोरड्या जागी लावा, मग खिडक्यांचे कोपरे, छताच्या झरोक्याची चौकट, मागच्या दिव्यांभोवती. १५ टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. २० च्या वर गेलं तर तिथे गळतं आहे असं धरून शोध घ्या. ३० च्या पुढे लाकूड कुजत असण्याची शक्यता बरीच.

सगळीकडे कमी आलं तर दोष आतल्या दमटपणाचा. गाद्या घरी न्या, जमत नसेल तर गाडीतच कडेवर उभ्या करा, भिंतीला टेकू न देता. कप्पे आणि फ्रिजचं दार किलकिलं ठेवा. पाण्याची टाकी रिकामी करून नळ उघडे सोडा, गोठून फुटायची भीतीही जाते. डबे बंद कपाटात उपयोगी पडतात. मोकळ्या गाडीत मात्र ते बाहेरून येणाऱ्या हवेतली ओलच शोषत बसतात.

प्रश्नकर्ता:
टेप काढली. मी महिन्यातून एकदा जाऊन तासभर शेगडी पेटवतो, गाडी आतून सुकावी म्हणून. ते चालू ठेवू ना?

उत्तर:
नाही हो, ते अगदी थांबवा! एक किलो प्रोपेन जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. शेगडी विझली, भिंती गार झाल्या, की तीच वाफ गादीखाली जाऊन बसते. शिवाय बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तो जिवावर बेतणारा. ज्या हीटरचा धूर पाइपने बाहेर जातो, त्याची वाफही बाहेर जाते. तो चालेल.

वीज जवळ असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घ्या, पण डेसिकंट (ओल शोषणारा पदार्थ वापरणाऱ्या) प्रकारचा. कॉम्प्रेसरचा थंडीत जवळजवळ काही ओढत नाही. आर्द्रता ५५ टक्क्यांवर लावा आणि पाणी नळीने सिंकमध्ये सोडा. त्या वेळी झरोका आणि खिडक्या बंद, जमिनीजवळच्या जाळ्या उघड्याच.

प्रश्नकर्ता:
मीटर लावलं. सगळीकडे १२-१३, झरोक्याच्या मागच्या कोपऱ्यात २४. वरून नवं सीलंट फिरवू?

उत्तर:
जुन्यावर नको, पाणी खालून वाट काढतंच. झरोका खोलून जुनं सगळं खरवडून काढा, लाकूड पूर्ण सुकू द्या, मीटर १५ च्या खाली आलं की मगच नवं भरा. तोवर वरून ताडपत्री बांधा, पण हवा खेळेल अशी सैल.